ध्रुवांजवळचा बर्फ घटला की प्लवकांत कोणाचं फावतं?

समुद्रसाक्षी (मुलुंड)

हवामानाच्या धाग्यावर एका सदस्याने विचारलं होतं: ध्रुवांजवळचा बर्फ कमी झाला तर पाण्यात ऊन जास्त शिरेल, सूक्ष्म वनस्पती वाढतील, त्या खाणारे प्राणी वाढतील, मग समुद्राचं बिघडतं काय? प्रश्न रास्त आहे. दोन ओळींच्या प्रतिसादात मावणारा नव्हता, म्हणून वेगळा धागा काढतो आहे. मी बरीच वर्षं महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं आणि प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे जीव, हा माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

माझं म्हणणं आधीच सांगतो. समुद्रात प्राणिप्लवक किती आहे, एवढ्यावर पोट भरत नाही. ते कोणतं आहे, त्यावर वरच्या सगळ्यांचं जगणं ठरतं. दोन जाती एकाच पाण्यात, बऱ्याचशा सारख्याच अन्नावर जगतात. पाणी थोडं बदलतं आणि एकीचं पारडं जड होतं. एकूण वजन तेवढंच राहिलं तरी खाणाऱ्याच्या ताटात काय पडतं ते पार बदलून जातं.

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात ही जोडी आहे क्रिल आणि साल्पची. अंटार्क्टिक क्रिल म्हणजे सहा सेंटिमीटरपर्यंत वाढणारा, कोळंबीसारखा दिसणारा कवचधारी. आयुष्य पाच-सहा वर्षांचं. एकूण साठ्याचा एक प्रसिद्ध अंदाज ३७.९ कोटी टनांचा आहे. देवमासे, सील, पेंग्विन, मासे, सगळे त्याच्यावर जगतात. साल्प म्हणजे पारदर्शक, पिंपाच्या आकाराचा, जवळजवळ ९५ टक्के पाणी असलेला जीव. दिसतो जेलीफिशसारखा, पण त्याचं नातं जेलीफिशपेक्षा आपल्याशी जवळचं आहे. तो पृष्ठरज्जू असलेल्या प्राण्यांच्या संघातला आहे. तिकडची मुख्य जात साल्पा थॉम्पसोनी.

आता बर्फाकडे येऊ. क्रिलची मादी उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्चच्या सुमारास, एका वेळी हजारो अंडी घालते. ती बुडत बुडत कित्येक शे मीटर खाली जातात, तिथे फुटतात आणि पिल्लं पोहत वर यायला लागतात. वर पोचेपर्यंत हिवाळा तोंडावर आलेला असतो. मोठा क्रिल उपाशी राहू शकतो. प्रयोगशाळेत तो २०० दिवसांहून जास्त काळ अन्नाशिवाय जगलेला आहे, आणि त्या काळात त्याचं शरीर चक्क आखडतं. पिल्लाला ती सोय नाही. त्याला पहिल्या हिवाळ्यात खायला लागतंच, आणि त्या अंधारात अन्न मिळतं ते समुद्रावर गोठलेल्या बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या शेवाळात. त्या खडबडीत, कपारी असलेल्या तळाशी आसराही मिळतो. बर्फ उशिरा आला, लवकर गेला किंवा कमी पसरला, तर त्या वर्षीची पिढी रोडावते. मोठे क्रिल असतात, म्हणून एक-दोन वर्षं ते लक्षातही येत नाही.

साल्पला बर्फाची गरज नाही. त्याला उघडं, जरा कमी थंड पाणी मानवतं. फार थंड पाण्यात त्याचे भ्रूण नीट वाढत नाहीत, म्हणून खंडाच्या अगदी जवळ तो आजवर टिकत नव्हता. शिवाय अन्नाची निवड वेगळी. क्रिल पायांच्या केसाळ गाळणीने डायटम या एकपेशीय शेवाळासारखे मोठे कण चांगले पकडतो. साल्प शरीरातून पाणी ढकलतो आणि आतल्या श्लेष्माच्या जाळीत अगदी एक-दोन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणही अडकवतो. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ (खंडाचं दक्षिण अमेरिकेकडे निघालेलं टोक) हिमनद्यांचं गोडं पाणी मिसळतं तिथे डायटमऐवजी क्रिप्टोफाइट नावाचे बारीक जीव वाढतात, असं दिसून आलेलं आहे. ते क्रिलच्या गाळणीतून बरेचसे निसटतात, साल्पला मात्र चालतात. उलट डायटमचा दाट बहर आला की साल्पची जाळी तुंबते. म्हणजे सुपीक, दाट पाण्यात क्रिल आणि विरळ, बारीक अन्नाच्या पाण्यात साल्प.

द्वीपकल्पाजवळ जास्त बर्फाच्या हिवाळ्यानंतर क्रिल आणि कमी बर्फाच्या हिवाळ्यानंतर साल्प, ही जोडणी १९९७ साली 'नेचर'मध्ये मांडली गेली. २००४ साली त्याच नियतकालिकात १९२६ ते २००३ दरम्यानच्या जवळजवळ १२,००० जाळी-नमुन्यांवरून दाखवलं गेलं की नैर्ऋत्य अटलांटिक भागात १९७० च्या दशकानंतर क्रिलची घनता घसरली आणि साल्प दक्षिणेकडे वाढत गेले. जगातल्या अंटार्क्टिक क्रिलपैकी निम्म्याहून अधिक साठा याच भागात आहे, म्हणून ही बातमी मोठी.

---

वेसावची_लेक (वर्सोवा)

सर, क्रिल म्हणजे आपला जवळाच का? आमच्याकडे डोलीच्या जाळ्यात जवळा कमी आला की बोंबील पण रोडावतो, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकत आले. तुम्ही लिहिलंय ते वाचून तेच आठवलं.

---

समुद्रसाक्षी

ताई, जवळा वेगळा. आपला जवळा म्हणजे अॅसेटिस, तो कोळंबीच्या कुळाजवळचा. क्रिलचा गट स्वतंत्र आहे. त्याचे कल्ले कवचाबाहेर उघडे दिसतात आणि बहुतेक जाती अंधारात प्रकाश देतात. पण तुमच्या घरातल्या मंडळींनी जे पाहिलंय ते अचूक आहे. बोंबलाच्या पोटात जवळा सापडतो हे मत्स्यशास्त्राच्या अभ्यासांतही नोंदलेलं आहे. मधल्या एका छोट्या जिवावर वरचे सगळे टेकलेले असणं, ही गोष्ट वर्सोव्याला आणि अंटार्क्टिकाला सारखीच लागू पडते.

एक फरक मात्र आहे. जवळा वाळत घातला की झालं. क्रिलला ते जमत नाही. मेल्याबरोबर त्याच्या पोटातली विकरं (एन्झाइम) त्याचंच मांस विरघळवू लागतात, आणि कवचातलं फ्लोराइड मांसात उतरतं. त्यामुळे जहाजावरच लगेच प्रक्रिया करावी लागते. १९९५-९६ मध्ये 'सागर संपदा' हे आपलं संशोधन जहाज क्रिलच्या मोहिमेवर अंटार्क्टिक पाण्यात गेलं होतं. क्रिल खाण्याजोगा करता येईल का, हाही तेव्हाचा एक प्रश्न होता.

---

आकडेमोड (बोरीवली)

लेख उत्तम, पण एका जागी अडलो. १९२६ पासूनचे नमुने एकाच माळेत ओवणं मला पटत नाही. जाळ्यांचा आकार बदलला, कोणत्या खोलीवरून ओढायचं ते बदललं, दिवसा ओढलं की रात्री हेही बदललं. क्रिल थव्यांत राहतो. एखादं जाळं थव्यातून गेलं तर हजारो, शेजारून गेलं तर शून्य. २०१८ साली याच माहितीसाठ्यावर वेगळ्या पद्धतीने काम करून एका गटाने लिहिलं की १९७६ ते २०१६ दरम्यान घनता घटल्याचा पुरावा दिसत नाही.

आणि देवमाशांचं काय? विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून जास्त देवमासे मारले गेले. खाणारेच गेले तर मधल्या दशकांत क्रिल फुगलेला असू शकतो, आणि आपण त्या फुगवट्याला 'मूळ' समजून पुढची घट मोजतोय असंही होऊ शकतं. बर्फावर सगळं ढकलण्याआधी याचं उत्तर हवं.

---

समुद्रसाक्षी

आकडेमोड, हरकत योग्य आहे आणि तिला बाजूला सारायचं माझ्या मनात नाही. २०१८ च्या लेखावर २००४ च्या लेखाच्या कर्त्यांनी प्रत्युत्तरही दिलं आहे, त्यात नमुने कसे निवडले आणि कसे एका मापावर आणले यावर वाद आहे. एकूण टनांच्या आकड्यावर मी पैज लावणार नाही.

पण तीन गोष्टी त्या वादाबाहेर उभ्या आहेत. एक, २०१९ च्या मोठ्या अभ्यासात क्रिलच्या वस्तीचा मध्य गेल्या नव्वद वर्षांत सुमारे ४४० किलोमीटर दक्षिणेला सरकलेला दिसला. जाळं कसंही असो, उत्तरेकडे कमी आणि खंडाच्या उथळ कडेजवळ जास्त, हा कल निघतो. दुसरी, त्याच अभ्यासात क्रिलची सरासरी लांबी वाढलेली दिसली. ऐकायला बरं वाटतं, पण अर्थ असा की थव्यात लहान वयाचे कमी आणि वयस्क जास्त आहेत. पिल्लं कमी जगतायत याची ती खूण आहे, आणि हिवाळ्यातल्या बर्फाशी पिल्लांचाच संबंध येतो. तिसरी गोष्ट पिल्लांच्या जगण्याची यंत्रणा. ती प्रयोगशाळेत आणि बर्फाखाली डुबकी मारून, दोन्हीकडे पाहिलेली आहे.

देवमाशांचा मुद्दा मला खरोखर कठीण वाटतो. १९२०-३० च्या दशकांतले नमुने घेतले गेले तेव्हा कत्तल ऐन भरात होती, त्यामुळे निर्मळ आरंभबिंदू आपल्याजवळ नाहीच. पण देवमासे गेल्याने क्रिल फुगले असतील आणि बर्फ घटल्याने पिल्लं मरत असतील, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

---

प्लवकप्रेमी (अंधेरी)

मी मत्स्यशास्त्राची विद्यार्थिनी. सरांच्या लेखात साल्पची बाजू थोडक्यात आली, ती जरा भरते, कारण हा जीव समजल्याशिवाय स्पर्धेचा वेग कळत नाही.

साल्पच्या दोन पिढ्या आळीपाळीने येतात. एकटा राहणारा साल्प नर-मादीशिवायच, स्वतःच्या शरीरातून कळ्यांसारखी साखळी काढतो. एका साखळीत शेकडो. ही साखळी पुढे लैंगिक पिढी होते: तिच्यातला प्रत्येक साल्प आधी मादी असतो, आत एक भ्रूण वाढवतो, नंतर नर होतो. त्या भ्रूणातून पुन्हा एकटा साल्प. अन्न मिळालं की साखळ्या सुटायला वेळ लागत नाही. क्रिलला प्रौढ व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. एखाद्या वसंतात पाणी लवकर उघडलं तर साल्प त्याच हंगामात त्याचा फायदा उचलतो, क्रिलची पुढची पिढी तोवर जन्मायचीच असते. दोघांचं भांडण समोरासमोर होत नाही. जो आधी पोचतो तो पाणी गाळून मोकळा होतो.

आता कार्बन. याबद्दल इथे कोणी लिहिलं नाही, म्हणून आवर्जून लिहिते. दोघांच्याही विष्ठेच्या गोळ्या खोल बुडतात आणि वातावरणातून आलेला कार्बन खाली नेतात. साल्पच्या गोळ्या मोठ्या, त्या दिवसाला कित्येक शे मीटर बुडू शकतात. म्हणून पूर्वी असं समजलं जाई की साल्प वाढले तर कार्बन जास्त खाली जाईल, म्हणजे हवामानाला बरंच. २०२१ साली द्वीपकल्पाजवळ बुडणारे कण पकडणारे तरंगते सापळे लावून मोजलं, तेव्हा चित्र गुंतागुंतीचं निघालं. साल्प क्रिलच्या चौपटीपर्यंत विष्ठा-कार्बन तयार करत होते, पण त्यांच्या गोळ्या सैल. वरच्या ३०० मीटरांतच त्या मोठ्या प्रमाणात फुटून, खाल्ल्या जाऊन संपत होत्या. क्रिलच्या गोळ्यांचा बराच मोठा हिस्सा खाली पोचत होता. शेवटी दोघांचं योगदान जवळपास सारखं भरलं. म्हणून 'साल्प आले, कार्बनची काळजी मिटली' असं म्हणता येत नाही, आणि उलटही म्हणता येत नाही.

त्याच वर्षी दुसऱ्या एका प्रयोगात दिसलं की साल्पच्या विष्ठेतून सुटणारं लोह वनस्पतिप्लवकांना क्रिलच्या विष्ठेतल्या लोहापेक्षा जास्त सहज वापरता येतं. दक्षिण महासागराच्या मोठ्या भागात लोहाचीच टंचाई असते, तेव्हा ही लहान बाब नाही. मला साल्पला खलनायक ठरवणं आवडत नाही. अॅडेली पेंग्विनांच्या अंगावर बसवलेल्या कॅमेऱ्यांत ते जेलीफिशवर तुटून पडताना दिसलेत, म्हणजे पिळपिळीत जीव अगदीच कोणी खात नाही असंही नाही. पण पिल्लू वाढवायला लागणारी चरबी आणि प्रथिनं क्रिलमध्ये आहेत. साल्पने ती भूक भागवायची तर केवढे साल्प खावे लागतील!

---

मानसी_दादर

फार छान चर्चा. प्लवकप्रेमी, सापळ्यांचा भाग वाचून थक्क झाले. एक विचारू का, अंटार्क्टिकाचा बर्फ मध्यंतरी वाढतोय असं वाचल्याचं आठवतं. मग घटतोय कुठे?

---

समुद्रसाक्षी

मानसी, बरोबर वाचलंय. उपग्रहांच्या नोंदींत संपूर्ण अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ २०१४ पर्यंत थोडा वाढतच होता, त्या वर्षी तो दोन कोटी चौरस किलोमीटरांवर गेला. २०१६ पासून एकदम घसरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये उन्हाळ्यातला नीचांक झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हिवाळ्यातला सर्वोच्च पसारा १.७ कोटी चौरस किलोमीटरांच्याही खाली राहिला. पण सरासरीने फसायला होतं. सगळीकडे मिळून वाढ होती त्या काळातही द्वीपकल्पाच्या पश्चिमेला बर्फ कमीच होत चालला होता, आणि क्रिलच्या पिल्लांच्या दृष्टीने तीच जागा महत्त्वाची.

---

डॉ_गिरगाव

माझ्या दवाखान्यात हल्ली पेशंट क्रिल तेलाच्या कॅप्सूल घेऊन येतात आणि विचारतात, माशाच्या तेलापेक्षा चांगल्या का. औषधी बाजू या धाग्याचा विषय नाही. मला हे जाणून घ्यायचंय की बर्फ घटतोय, पिल्लं कमी जगतायत, आणि वरून आपण क्रिल पकडतो आहोत, तर यावर कोणाचं नियंत्रण आहे?

---

समुद्रसाक्षी

डॉक्टर, आहे. १९८२ पासून अंटार्क्टिक सागरी सजीवांच्या संवर्धनाचा करार लागू आहे, त्याचा आयोग ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला बसतो. भारत १९८६ पासून सदस्य आहे. नैर्ऋत्य अटलांटिक भागासाठी वर्षाला ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. साठ्याच्या मानाने आकडा लहान दिसतो, आणि कंपन्या तेच सांगतात. पण मासेमारी सगळीकडे सारखी विखुरलेली नसते. जहाजं जातात ती द्वीपकल्पाजवळ, जिथे पेंग्विन आणि देवमासेही तेच थवे शोधत असतात. ही मर्यादा उपभागांत वाटून देणारा नियम २०२४ च्या अखेरीस सदस्यांत एकमत न झाल्याने संपला. २०२५ च्या हंगामात पूर्ण मर्यादा गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधी थांबवावी लागली. मला याची मनापासून काळजी वाटते. वाईट वर्षी, मोजक्या जागी, एकाच वेळी सगळे तुटून पडले तर वार्षिक टनांची मर्यादा पाळूनही नुकसान होऊ शकतं. तो उपभागांचा नियम आयोगाने पुन्हा आणायला हवा, आणि त्यासाठी भारतानेही बोलायला हवं.

---

मानसी_दादर

आर्क्टिकलाही अशी जोडी आहे का?

---

समुद्रसाक्षी

आहे, आणि तिथे आपलं केंद्रही आहे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरल्या नी-ओलेसुंदला 'हिमाद्री' २००८ पासून चालू आहे, आणि समोरच्या काँग्सफ्योर्डमध्ये (फ्योर्ड म्हणजे जमिनीत आत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा) २०१४ पासून आपला 'इंडआर्क' हा उपकरणांचा नांगरलेला संच मोजमाप करतो. त्या फ्योर्डमध्ये अटलांटिकचं कोमट पाणी शिरतं.

तिथली जोडी कॅलॅनस नावाच्या कोपेपॉडांची, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान कवचधारींची. कॅलॅनस ग्लेसिअॅलिस आर्क्टिकचा, अंगाने मोठा, शरीरात तेलाची पिशवीच घेऊन फिरणारा. कॅलॅनस फिनमार्किकस अटलांटिकचा, लहान आणि कमी तेलाचा. ग्लेसिअॅलिसचं वेळापत्रक दोन बहरांवर बसवलेलं आहे: आधी बर्फाखालचं शेवाळ खाऊन मादी अंडी घालते, मग काही आठवड्यांनी बर्फ फुटून पाण्यातला बहर येतो तो पिल्लांच्या वाट्याला येतो. बर्फ लवकर गेला की दोन बहरांमधलं अंतर आकसतं आणि पिल्लं वाढायच्या आधीच जेवण आटोपलेलं असतं. लिटल ऑक हा छोटा समुद्रपक्षी पिल्लांसाठी शक्य तोवर ग्लेसिअॅलिसच निवडतो. तो जवळ नसला की दूरवर उडून जातो.

---

आकडेमोड

इथेही एक जोड देतो. हे दोन कॅलॅनस वर्षानुवर्षं लांबी मोजून वेगळे केले जायचे. डीएनए तपासल्यावर दिसलं की लांबीवरून ओळख बऱ्याचदा चुकते, म्हणजे जुन्या नोंदींत सरमिसळ आहे. शिवाय २०१८ मध्ये एका गटाने दाखवलं की कोमट पाण्यात लहान जाती आपला जीवनक्रम लवकर पुरा करतात, वर्षाला तेल जास्त वेळा तयार होतं, त्यामुळे एकूण ऊर्जा तितकी घटेलच असं नाही.

---

प्लवकप्रेमी

एकूण ऊर्जा पुरली तरी पक्षी एकेक दाणा टिपतो. लहान शिकार जास्त वेळा पकडण्यात त्याचीच ऊर्जा जाते. गाळून खाणाऱ्या बोहेड देवमाशाचं गणित वेगळं, माशांचं वेगळं. म्हणून मला वाटतं, 'परिसंस्थेला फरक पडेल का' असं विचारण्यापेक्षा 'कोणाला पडेल' असं विचारलं तर उत्तर मिळतं.

---

आकडेमोड

मान्य.

---

वेसावची_लेक

आपल्या समुद्रात साल्प येतात का? कधी कधी डोलीत काचेसारखा चिकट लोळ भरतो, जाळं धुता धुता हात दुखून येतात. आम्ही सगळ्यालाच जेलीफिश समजतो.

---

प्लवकप्रेमी

ताई, येतात. अरबी समुद्रातही साल्पच्या जाती आहेत, आणि आपल्याकडेही अदलाबदल चालू आहे. गुजरातपासून ओमानपर्यंतच्या उघड्या समुद्रात पूर्वी हिवाळ्यात डायटम बहरायचे. २००० नंतरच्या वर्षांत त्यांची जागा मोठ्या प्रमाणावर हिरव्या नॉक्टिल्युकाने घेतली. हा एकपेशीय जीव स्वतः डायटम खातो आणि पोटात हिरवं शेवाळ पाळतो, म्हणजे दोन्हीकडून कमावतो. नेहमीचे कोपेपॉड त्याला फारसे खात नाहीत, साल्प आणि जेलीफिश खातात. कारणांवर वाद आहे. एक गट कमी प्राणवायूच्या पाण्याकडे बोट दाखवतो, आपल्याच काही शास्त्रज्ञांनी ते अमान्य केलंय. २०२० च्या एका अभ्यासात हिमालय-तिबेटचा बर्फ घटल्याने हिवाळी वारे कमी थंड झाले आणि पाण्याचं घुसळणं मंदावलं, असा दुवा जोडलाय.

पुढच्या वेळी लोळ भरला तर फोटो टाकाल का? शेजारी मोजपट्टी ठेवा. दोन्ही टोकांना उघडं पिंप, आत एक लहान गडद गोळा आणि अंगाभोवती पट्ट्या दिसल्या तर साल्प. छत्रीसारखा आकार आणि खाली लोंबणारे धागे असले तर जेलीफिश. एकाला एक चिकटलेली माळ मिळाली तर फारच छान, ती बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात ठेवूनच फोटो काढा, बाहेर काढली की तुटते. तारीख, किनाऱ्यापासून किती दूर आणि किती वाव पाण्यात, एवढंही लिहा.

---

वेसावची_लेक

नक्की टाकते. आता पावसाळ्यातली मासेमारीबंदी आहे, १ ऑगस्टनंतर होड्या जातील. भावाला सांगून ठेवते, लोळ आला तर दर्यातच टाकून न देता बादलीभर घेऊन ये म्हणून.